अक्षरजुळणीपासून पीडीएफपर्यंत : आज्ञेच्या एका ओळीत मराठी पानाचे काय होते

परदेशात स्थिरावलेल्या मराठी अभियंत्याच्या, प्राध्यापकाच्या किंवा संशोधकाच्या संगणकावर एक फोल्डर हमखास असते. संगणक बदलतो, फोल्डर जसेच्या तसे नव्या यंत्रावर नकलले जाते आणि पुन्हा वर्षानुवर्षे उघडले जात नाही. त्यात साधारणतः दोन तऱ्हेच्या फाइली आढळतात. पहिली तऱ्हा विद्यार्थिदशेतील प्रबंधाची आणि शोधनिबंधांची. त्यांच्या नावाला 'डीव्हीआय' किंवा 'पीएस' असे शेपूट असते आणि आजच्या यंत्रावर दोनदा टिचकी मारूनही त्या उघडत नाहीत. दुसरी तऱ्हा मंडळाच्या स्मरणिकांच्या आणि दिवाळी अंकांच्या पीडीएफ प्रतींची. त्या उघडतात, सुबकही दिसतात. परंतु त्यांत एखाद्या दिवंगत सभासदाचे नाव शोधू गेल्यास 'आढळले नाही' असे उत्तर मिळते, आणि ते नाव तर डोळ्यांसमोरच्या पानावर ठळक छापलेले असते.

ही दोन दुखणी वेगळी वाटली तरी त्यांचे मूळ एक आहे. मजकूर 'जुळवला' जातो त्या क्षणी त्यातले काय पुढे जाते आणि काय मागे राहते, हा तो प्रश्न. प्रस्तुत लेखात टेक या अक्षरजुळणी-प्रणालीच्या फाइली पीडीएफमध्ये रूपांतरित करणाऱ्या आज्ञा-साधनांचा परिचय करून द्यायचा आहे. आणि त्या निमित्ताने मराठी पीडीएफ शोधण्याजोगी का होत नाही, हेही पाहायचे आहे. लेखातील आज्ञा वाचनसोयीसाठी देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या रोमन लिपीत टंकायच्या आहेत, हे उघडच आहे.

जुळाऱ्याला दिलेली चिठ्ठी

स्टॅनफर्ड विद्यापीठाचे डोनाल्ड क्नूथ यांच्या हाती १९७७ साली त्यांच्याच ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते आली. शिशाच्या खिळ्यांची जागा प्रकाशजुळणीने घेतलेली होती आणि पानांची कळा पार उतरली होती. गणिताचे पान देखणे दिसलेच पाहिजे, या हट्टापायी त्यांनी स्वतःच एक प्रणाली लिहावयास घेतली. तीच टेक. तिच्या नावातील अखेरचे अक्षर इंग्रजी नसून ग्रीक आहे. त्यामुळे काटेकोर उच्चार 'टेख'च्या जवळ जातो, आणि मराठी जिभेला तो मुळीच जड नाही. पुढे १९८०च्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर लाटेक हा सोयीचा थर चढवला. आपल्यापैकी बहुतेकांची ओळख या लाटेकशीच आहे.

टेक जे पान तयार करते ते मूळ रचनेत थेट कागदावर जात नाही. त्याची एक मधली फाइल बनते. कोणत्याही विशिष्ट यंत्राशी बांधलेली नसल्यामुळे तिला 'यंत्रनिरपेक्ष' या अर्थाचे डीव्हीआय हे संक्षिप्त नाव मिळाले. १९७९ मध्ये डेव्हिड फुक्स यांनी तिची रचना ठरवली. निर्णयसागरासारख्या छापखान्यातील जुळाऱ्याला कोणी चिठ्ठी लिहून दिली आहे, अशी कल्पना करावी : 'अमुक केस पुढे ओढ, तिच्यातील अमुक क्रमांकाच्या खणातला खिळा उचल, डावीकडून इतके, वरून इतके अंतर सोडून ठेव, आता पुढचा.' डीव्हीआय फाइल ही नेमकी अशी चिठ्ठी आहे. तिच्यात शब्द नाहीत आणि परिच्छेदही नाहीत. अक्षरसंचाचे नाव, खणाचा क्रमांक आणि अंतर, एवढाच तिचा ऐवज. अंतरे मात्र विलक्षण बारकाईने मोजलेली असतात. एका इंचात ७२.२७ पॉइंट आणि एका पॉइंटात ६५,५३६ उपभाग, असे हे माप आहे. यातील एक उपभाग दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्याही सुमारे शंभराव्या हिश्शाइतका भरतो. इतकी सूक्ष्मता कोणत्याही छापखान्याला लागत नाही. सगळी गणिते पूर्णांकांत व्हावीत आणि दोन निरनिराळ्या संगणकांवर एकाच पानाची एकही ओळ वेगळी तुटू नये, हा त्यामागचा हेतू होता. तो इतका सफल झाला आहे की १९९० सालची डीव्हीआय फाइल आजही त्याच जागी तीच अक्षरे मांडते.

चिठ्ठीत खिळे नसतात, हे मात्र विसरता कामा नये. अक्षरांचे आकार डीव्हीआयमध्ये नसतात, त्यांची केवळ नावे असतात. चित्रे तर त्याहूनही दूर असतात. आलेखाच्या जागी केवळ 'येथे अमुक नावाची फाइल लावावी' एवढी सूचना लिहिलेली असते. ज्यांनी प्रबंधाची डीव्हीआय जपली आणि आलेखांचे फोल्डर जागा वाचवण्यासाठी पुसले, त्यांच्या प्रबंधात आज आलेखांच्या जागी कोऱ्या चौकटी येतील. त्यावर कोणत्याही साधनाकडे उपाय नाही. याउलट 'पीएस' म्हणजे पोस्टस्क्रिप्ट फाइल जपली असेल, तर अक्षरांसह चित्रेही बहुधा तिच्यातच सापडतात. जुन्या फोल्डरात दोन्ही असतील तर आधी पोस्टस्क्रिप्टला हात घालावा, असे म्हणूनच सुचवावेसे वाटते.

दोन वाटा, आणि एक आडवाट

डीव्हीआयपासून पीडीएफकडे जाणारी जुनी वाट दोन टप्प्यांची आहे. टोमास रोकिकी यांनी लिहिलेले डीव्हीआयपीएस हे साधन आधी पोस्टस्क्रिप्ट बनवते; मग पीएस२पीडीएफ ही आज्ञा त्याची पीडीएफ करते. ही दुसरी आज्ञा स्वतः फारसे काही करीत नाही. सारे काम तिच्या मागे उभा असलेला घोस्टस्क्रिप्ट हा प्रोग्राम करतो. एल. पीटर डॉइच यांनी १९८८ मध्ये तो प्रसिद्ध केला आणि आजवर तो अखंड चालू आहे. आज्ञा अशा :

डीव्हीआयपीएस -पीपीडीएफ -टी ए४ -ओ प्रबंध.पीएस प्रबंध.डीव्हीआय

पीएस२पीडीएफ प्रबंध.पीएस

पहिल्या ओळीतील '-पीपीडीएफ' या खुणेला इतिहास आहे. टेकची मूळ अक्षरे मेटाफाँट या प्रणालीतून ठिपक्यांच्या जाळीत उतरवलेली असत. छपाईत ती अप्रतिम दिसत. पण तीच ठिपक्यांची अक्षरे पीडीएफमध्ये बसवली की पडद्यावर किनारी फुटत आणि मजकूर धुरकट भासे. १९९०च्या दशकातील कितीतरी शोधनिबंधांच्या पीडीएफ प्रती आजही अशाच अंधूक दिसतात. त्याचे कारण हेच. ही खूण दिली म्हणजे ठिपक्यांऐवजी वक्ररेषांनी बनलेली अक्षरे घेतली जातात, आणि ती कितीही मोठी करून पाहिली तरी रेखीव राहतात.

दुसरी वाट एका टप्प्याची आहे. मार्क विक्स यांनी डीव्हीआयपीडीएफएम हे साधन लिहिले. जिन-ह्वान चो आणि शुनसाकु हिराता यांनी चिनी, जपानी व कोरियन लिपींच्या गरजेपोटी त्याचा विस्तार केला, तेव्हा नावाच्या शेवटी एक्स जोडला गेला. आज बहुतांश ठिकाणी हेच विस्तारित साधन वापरात आहे :

डीव्हीआयपीडीएफएमएक्स -पी ए४ -ओ प्रबंध.पीडीएफ प्रबंध.डीव्हीआय

'-ओ'नंतर नव्या फाइलीचे नाव आणि '-पी'नंतर कागदाचे माप येते. निवडक पानेच हवी असतील तर '-एस ३-१०' असे लिहावे. आडव्या पानासाठी '-एल' आहे. चित्रे पोस्टस्क्रिप्ट जातीची असतील तर हे साधन त्यांच्यापुरते घोस्टस्क्रिप्टलाच हाक मारते. म्हणून दोन्ही प्रोग्राम यंत्रावर असणे इष्ट. टेक लाइव्ह हा संच एकदा बसवला की डीव्हीआयची साधने त्यातच मिळतात.

कागदाच्या मापाकडे परदेशस्थांनी विशेष लक्ष द्यावे. डीव्हीआय आपली अंतरे पानाच्या वरच्या डाव्या कोपऱ्याच्या संदर्भाने मोजते. कागद केवढा आहे, हे तिला मुळात ठाऊकच नसते. भारतात, ब्रिटनमध्ये आणि आखातात ए४ चालतो, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. अमेरिकेतील लेटर कागद २१६ बाय २७९चा. मुंबईत किंवा कानपूरला ए४ धरून जुळवलेला प्रबंध न्यू जर्सीतील यंत्राने लेटरवर उतरवला, की तळाचे १८ मिलिमीटर गळतात आणि त्यासोबत पृष्ठक्रमांकही जाऊ शकतात. पडद्यावर हे सहसा लक्षात येत नाही. बांधणीसाठी छापून आणलेल्या प्रतीत येते.

पोस्टस्क्रिप्टविषयी एक सावधगिरी येथेच नोंदवतो. पोस्टस्क्रिप्ट ही परिपूर्ण संगणकभाषा आहे. तिची फाइल म्हणजे चालवण्यायोग्य प्रोग्रामच. अनोळखी ठिकाणाहून आलेली अशी फाइल जुन्या घोस्टस्क्रिप्टने उघडणे म्हणजे परक्याच्या हाती घराच्या किल्ल्या देणे होते. २०१९च्या ९.५० या आवृत्तीपासून सुरक्षित रीत आपोआप लागू होते. तेव्हा निदान त्याहून जुनी आवृत्ती वापरू नये.

आडवाट म्हणजे मधली फाइलच टाळणे. हान थे थान्ह यांनी चेक प्रजासत्ताकातील ब्र्नो येथे पीएच. डी.च्या निमित्ताने पीडीएफटेक घडवले. ते थेट पीडीएफच देते, आणि आज लाटेक वापरणारी तरुण पिढी बहुधा त्याच मार्गाने जाते. मूळ 'टेक' फाइल हाती असेल तर डीव्हीआयच्या मागे न लागता ती नव्याने जुळवणे अधिक चांगले. अडचण इतकीच की जुन्या फाइलीला लागणारी एखादी शैली-फाइल हरवलेली असते, किंवा नव्या आवृत्तीत ओळी वेगळ्या तुटतात आणि प्रबंधाचे पृष्ठक्रमांक विद्यापीठाच्या प्रतीशी जुळत नाहीत. संदर्भ देण्यासाठी जुने पानच हवे असेल, तर डीव्हीआयला पर्याय नाही.

पान दिसते, पण वाचता येत नाही

इंग्रजी प्रबंधाची कथा एवढ्यावर संपते. मराठीची येथून सुरू होते.

देवनागरीला टेकचे दार उघडले ते नेदरलँड्समधील ग्रोनिंगन येथे. फ्रान्स वेल्थुइस यांनी १९९१ मध्ये एक अक्षरसंच आणि त्यासोबत देवनाग नावाचा पूर्वप्रक्रियक सिद्ध केला. मजकूर रोमन अक्षरांत लिहायचा; दीर्घ स्वरासाठी अक्षराची द्विरुक्ती करायची, ट-ठ-ड-ढ यांच्यासाठी अक्षराआधी टिंब द्यायचे. देवनाग हा मजकूर वाचून त्याचे खिळ्यांच्या क्रमांकांत रूपांतर करी आणि मग टेक पान जुळवी. मुंबई वळणाच्या अक्षरांचा पर्यायही या कुटुंबात पुढे आला. परदेशांतील संस्कृत विभागांत या साधनाने वर्षानुवर्षे निष्ठेने सेवा केली. पण त्याच्या डीव्हीआयमध्ये 'क' हे अक्षर म्हणून कोठेच नसते. असतो तो केवळ त्या संचातील एक खण. त्यावरून बनलेल्या पीडीएफमधून मजकूर नकलला, तर खणांच्या क्रमांकांना योगायोगाने जी रोमन चिन्हे लागू पडतात तीच हाती येतात.

मंडळांच्या जुन्या अंकांचे दुखणे याच जातीचे आहे, जरी त्यांचा टेकशी संबंध नसला तरी. श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या प्रणालींत युनिकोडपूर्व काळी देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागांवर बसवलेले असत. डोळ्यांना 'गणेशोत्सव' दिसे. संगणकाच्या लेखी तो रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि चलनचिन्हे यांचा गुंता असे. त्या अंकाची पीडीएफ कोणत्याही आज्ञेतून कितीदाही फिरवली तरी हा गुंता सुटत नाही. कारण मूळ अक्षर कोणते, ही माहिती तिच्यात कधी शिरलेलीच नाही.

युनिकोड आल्यावर तरी प्रश्न सुटावयास हवा होता. अर्धाच सुटला. जोनाथन क्यू यांनी २००४ मध्ये झीटेक आणले. आधुनिक ओपनटाइप अक्षरसंच आणि युनिकोड मजकूर ते सहज स्वीकारते, त्यामुळे आता लाटेकमध्ये सरळ मराठीत लिहिता येते. झीटेक आपल्याला थेट पीडीएफ देते असे वाटते. पडद्याआड मात्र तेही विस्तारित डीव्हीआय तयार करून वर उल्लेखिलेल्या साधनाच्याच एका रूपाकडे सोपवते. म्हणजे जुळाऱ्याची चिठ्ठी आजही लिहिली जाते. केवळ ती आपल्याला दाखवली जात नाही.

आणि चिठ्ठीत शेवटी काय असते? आकारांचे क्रमांक. पीडीएफमध्येही मूलतः तेच. कोणता आकार कोणत्या अक्षराचा, हे सांगणारा एक तक्ता सोबत जोडता येतो. इंग्रजीला तो पुरतो, कारण तेथे आकार आणि अक्षर सहसा एकास एक असतात, आणि लिहिण्याचा क्रम तोच उच्चाराचा क्रम असतो. देवनागरीत दोन्ही गृहीतके कोसळतात. 'क्षितिज' हा शब्द साठवताना आधी क्ष, मग ऱ्हस्व वेलांटी, मग त, पुन्हा वेलांटी आणि ज असा क्रम असतो. पान जुळवताना मात्र वेलांटी आपल्या व्यंजनाच्या आधी येते. तक्ता प्रामाणिकपणे आकारांचे भाषांतर डावीकडून उजवीकडे करीत जातो आणि हाती येते ते असे : सुरुवातीला एक निराधार वेलांटी, मग क्ष, मग दुसरी वेलांटी, त आणि ज. पहिली वेलांटी लोंबकळत राहते आणि दुसरी चुकून क्षला चिकटते. 'कीर्ती'ची गत याहून वाईट. रफार 'ती'च्या डोक्यावर शेवटी काढला जातो, म्हणून नकलल्यावर 'कीतीर्' असे काही तरी निघते. वाचणारा माणूस हसून पुढे जाईल. शोधयंत्र हसत नाही, त्याला 'कीर्ती' सापडत नाही. दृष्टिहीन वाचकाच्या पडदावाचक प्रोग्रामला तर हा मोडका क्रमच मोठ्याने वाचावा लागतो. अंक 'सर्वांसाठी खुला' आहे असे आपण लिहितो, तेव्हा हा वाचक आपल्या मनात असतो का, हे संपादकांनी स्वतःला विचारावे.

यावर पीडीएफच्या रचनेतच तोड आहे. आकारांच्या एखाद्या गटाला 'याचा खरा मजकूर अमुक' अशी अदृश्य चिठ्ठी चिकटवता येते. तांत्रिक परिभाषेत तिला अ‍ॅक्च्युअलटेक्स्ट म्हणतात. झीटेकमध्ये ही सोय मुळात बंद असते. दस्तऐवजाच्या आरंभी 'झीटेक-जनरेट-अ‍ॅक्च्युअल-टेक्स्ट' या नियंत्रकाला, ही सर्व रोमन अक्षरे सलग आणि आधी तिरकी रेघ अशा रीतीने, १ ही किंमत द्यावी लागते. झीटेक या शब्दातील रोमन मोठी-लहान अक्षरे जशी आहेत तशीच ठेवावीत. एवढ्या एका ओळीने शब्दाशब्दागणिक खरा मजकूर पीडीएफमध्ये उतरतो. लुआलाटेक वापरणाऱ्यांनी अक्षरसंच निवडताना हार्फबझ हे जुळणीयंत्र स्पष्टपणे मागावे. त्याच्या नेहमीच्या पद्धतीपेक्षा देवनागरीसाठी ते कितीतरी भरवशाचे आहे. पीडीएफ दाखवणारे सर्वच प्रोग्राम या अदृश्य चिठ्ठीची सारखी दखल घेत नाहीत, हे खरे. पण चिठ्ठी असली तर आज ना उद्या वाचली जाईल. नसली तर वाचण्यासारखे काही उरत नाही.

सोबत मराठीची म्हणून दोन पथ्ये आहेत. पहिले, अक्षरसंच निवडताना लिपी देवनागरी आणि भाषा मराठी, असे दोन्ही सांगावे. कित्येक चांगल्या संचांत मराठी वळणाचा पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श दडलेले असतात. भाषा सांगितल्याशिवाय ते पुढे येत नाहीत आणि पानावर हिंदी वळणाची अक्षरे उमटतात. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयात हीच मराठी रूपे प्रमाण ठरवली आहेत. आयआयटी मुंबईने मुक्त परवान्यावर दिलेला शोभिका हा संच गंभीर ग्रंथकामासाठी उत्तम आहे. संस्कृत उद्धृतांची जोडाक्षरेही त्यात नीट बसतात.

दुसरे पथ्य 'ऱ्य'चे. 'आचार्यांना दक्षिणा दिली' आणि 'आचाऱ्यांना दक्षिणा दिली' या दोन वाक्यांत पैसे वेगवेगळ्या माणसांच्या हाती पडतात. हा अर्धचंद्राकार र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो : नुक्ता असलेल्या 'ऱ'ला हलन्त देऊन, किंवा साध्या 'र'ला हलन्त देऊन त्यामागे अदृश्य जोडचिन्ह ठेवून. पानावर दोन्ही सारखेच दिसतात. शोधात एक दुसऱ्याला ओळखत नाही. एकाच अंकातील पंधरा लेखक पंधरा कळफलकांवरून मजकूर पाठवतात. तेव्हा जुळणीपूर्वीच हे सर्व एका रीतीवर आणावे. शोध-आणि-बदलाची एक आज्ञा पुरते, पण ती देण्याचे भान कोणाला तरी असावे लागते.

तयार फाइल तपासण्यासाठी दोन लहान साधने पुरेशी आहेत. 'पीडीएफफाँट्स अंक.पीडीएफ' ही आज्ञा फाइलीतील प्रत्येक अक्षरसंचाची एक ओळ दाखवते. संच फाइलीत अंतर्भूत आहे की नाही आणि त्याला युनिकोडचा तक्ता जोडला आहे की नाही, हे त्यात 'होय-नाही' स्वरूपात कळते. अंतर्भूत नसलेला एकही संच आढळला तर ती पीडीएफ खऱ्या अर्थाने सुवाह्य नाही; दुसऱ्या यंत्रावर ती वेगळ्याच अक्षरांत उघडेल. तक्ता आहे म्हणून क्रमही बरोबर आहे, असे मात्र समजू नये. त्यासाठी 'पीडीएफटूटेक्स्ट अंक.पीडीएफ' चालवून निघालेला मजकूर डोळ्यांनी वाचणे, एवढाच मार्ग आहे.

ज्या जुन्या अंकांची मूळ सामग्रीच हरवली आहे, त्यांच्यासाठी पान चित्र समजून पुन्हा वाचून घेणे उरते. टेसरॅक्ट हा मुक्त प्रोग्राम मराठी जाणतो. ह्यूलेट-पॅकार्डमध्ये जन्मून २००५ साली तो सर्वांना खुला झाला. त्याच्यावर आधारलेले ओसीआरएमवायपीडीएफ हे साधन पानाच्या चित्रामागे वाचलेल्या मजकुराचा अदृश्य थर घालते :

ओसीआरएमवायपीडीएफ -एल एमएआर --फोर्स-ओसीआर जुना.पीडीएफ नवा.पीडीएफ

'-एल'पुढे मराठीची तीन अक्षरी खूण आहे. '--फोर्स-ओसीआर' आवश्यक आहे, कारण जुन्या पीडीएफमध्ये आधीच कसला तरी मजकूर असतो आणि तो पाहून हे साधन काम नाकारते. तो मजकूर निरर्थक आहे, हे त्याला आपणच सांगावे लागते. या रीतीत पाने चित्ररूप होतात आणि किनारीची धार जाते, म्हणून मूळ फाइल फेकू नये. वाचनात चुका राहतातच. विशेषतः ध-घ, म-भ आणि जीर्ण छपाईतील अनुस्वार यांच्यात. तरीही एक-दोन चुका असलेले नाव सापडण्याची काही तरी आशा असते. रोमन चिन्हांत गेलेल्या नावाची नसते.

ईमेलने पाठवण्यासाठी फाइल लहान करण्याचा मोह सर्वत्र दिसतो, आणि घोस्टस्क्रिप्टच्या 'स्क्रीन' या तयार मांडणीचा सल्लाही मुक्तहस्ते दिला जातो. ती मांडणी छायाचित्रे इंचाला ७२ ठिपक्यांवर आणते. १५० ठिपक्यांची 'ईबुक' किंवा ३०० ठिपक्यांची 'प्रिंटर' ही मांडणी बहुधा पुरेशी लहान फाइल देते. शिवाय घोस्टस्क्रिप्ट फाइल दाबत नाही, ती नव्याने लिहितो. त्यामुळे लहान केलेल्या प्रतीवरही पीडीएफटूटेक्स्टची परीक्षा पुन्हा घ्यावी आणि संग्रहासाठी मूळ प्रतच ठेवावी. दीर्घकालीन जतनासाठी पीडीएफ-ए हा आंतरराष्ट्रीय मानक २००५ पासून आहे. सर्व अक्षरसंच अंतर्भूत असणे ही त्याची अट आहे.

अनेक मंडळांच्या अंकांची जुळणी आजही पुण्या-मुंबईतील मुद्रणव्यावसायिकांकडे होते आणि संपादक परदेशातून प्रुफे तपासतात. अशा वेळी काम देतानाच तीन गोष्टी लेखी मागाव्यात : मजकूर युनिकोड अक्षरसंचातच जुळवावा, पीडीएफमधून मजकूर नकलता यावा, आणि अंकासोबत प्रत्येक लेखाची साधी मजकूर-फाइलही परत मिळावी. पहिले प्रुफ आले की शुद्धलेखनाआधी त्यात क्षितिज, कीर्ती, आचाऱ्यांना आणि विद्यार्थिनी हे चार शब्द घालून घ्यावेत, पीडीएफमध्ये त्यांचा शोध घ्यावा, नक्कल करून कोऱ्या पानावर चिकटवावेत. चारही जसेच्या तसे उतरले तरच पुढच्या पानांना मंजुरी द्यावी.